ओकुदानीची पाच सुळ्यांची घंटा

हेइगो : तुमचा विश्वास बसायचा नाही, बाई. आजवर कुणाचा बसलेला नाही, तुमचा बसेल अशी आशाही नाही. पण घंटेच्या काठावर तुम्ही आत्ता जिथे बोट ठेवलंत ना, ती खोक अस्वलाच्या दाताची आहे.

मिझोबे : अस्वलाच्या.

हेइगो : मादी होती. एक कान फाटलेली.

मासुए : चहा घ्या, मिझोबेसान. म्युझियममधून कुणी बाई यायच्यात एवढं कळलं होतं यांना, तेव्हापासून अंगणात येरझाऱ्या चालल्यात. हेइगोसान दहा गोष्टी सांगतात, त्यातली एक लिहून घ्या. तीही पेन्सिलीने.

हेइगो : वहिनी, देवळाच्या या घंटेची हकिकत लिहायला आल्यात बाई. तुमचे यजमान, आमचे गुरुजी, गेले. तुम्ही तोंड उघडत नाही. मग सांगायचं कुणी, त्या भिंतीने?

मिझोबे : सांगा आजोबा. साडेतीनच्या बसला मला पेटी चढवायची आहे. तोवर माझे कान तुमचेच.

हेइगो : तर ते मोठ्या बर्फाचं वर्ष. गुरुजी तेव्हा तरणे होते. वरच्या डोंगरातल्या झोपडीत एकवीस दिवसांचं अनुष्ठान करायला निघाले. गाठोड्यात घंटा, पूजेत हातात धरायची तिन्ही वज्रं, आणि वहिनींनी बांधून दिलेले भाताचे मुटके. वाटेत लघवीला थांबले. वळून बघतात तर गाठोडं नाही. बर्फात पावलं उमटलेली, ही एवढाली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वरून, पार कड्याकडून, घंटेचा आवाज. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सगळा हिवाळा. मी गुरुजींना म्हटलं, आता काय करायचं. तर ते ऐकत बसले डोळे मिटून आणि म्हणाले, तिचे मंत्र चुकत असतील, पण ठेका चोख आहे.

मासुए : असं ते काही म्हणाले नाहीत.

हेइगो : तुमच्यासमोर नाही म्हणाले. मग बर्फ वितळल्यावर आम्ही दोघं गेलो वर, पाठीवर मुळ्याच्या लोणच्याचं पिंप. गुहेच्या तोंडाशी ठेवलं. ती बाहेर आली, लोणचं हुंगलं, एक फोड चाखली आणि आत जाऊन घंटा आणून ठेवली. दातात धरून. म्हणून ही खोक.

मिझोबे : आजोबा, हे भिंग घ्या. खोकेच्या आत बघा. पिवळं दिसतंय?

हेइगो : दिसतंय.

मिझोबे : तो सोन्याचा मुलामा आहे. म्हणजे खोक आधी पडली आणि मुलामा नंतर चढला. ओतलेली घंटा साच्यातून काढतानाच ही खोक पडली असणार, सातशे वर्षांपूर्वी. तुमचं अस्वल फारच म्हातारं असलं पाहिजे.

हेइगो : मग तिच्या पणजीने चावली असेल. घराण्यातच खोड होती.

मासुए : बघा. आणि तुम्ही चहा गार केलात याच्या नादात.

मिझोबे : राहू द्या, मला गारच आवडतो. मासुएसान, तबक आणि तिन्ही वज्रं लिहून झाली. एका सुळ्याचं, तीन सुळ्यांचं, पाच सुळ्यांचं. पाकळ्यांचं काम चारही वस्तूंवर एकाच हाताचं आहे, फार सुरेख. ती नेतेच मी. घंटेचं मात्र मला कळत नाहीये.

मासुए : कळायचं काय त्यात. तीही न्या. मुख्य मठाचं पत्र आलंय ना तुमच्याकडे. हे देऊळ खालच्या दरीतल्या देवळात विलीन झालं. नव्या वर्षाआधी मला किल्ल्या द्यायच्यात. बसथांब्याशी दोन खोल्या मिळाल्यात, भिंती कागदासारख्या, शेजारच्याचा टीव्ही ऐकू येतो. तिथे सातशे वर्षांची घंटा कुठे ठेवू, फ्रीजवर? सहीचा शिक्का आणलाय मी. कुठे उठवायचा सांगा.

हेइगो : शिक्का आत ठेवा, वहिनी. काय घाई आहे.

मासुए : बस साडेतीनला आहे, ही घाई आहे.

हेइगो : बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. मला कळायला लागलं, तेव्हापासून आमचं ओकुदानी गाव या घंटेने उठतं. तेव्हा त्रेचाळीस उंबरे होते. आता अकरा. त्यातल्या दोन घरांत नुसती मांजरं. साडेपाचला पहिला ठोका पडला की तोफूवाली तोमे चूल पेटवायची. दुसऱ्याला तिचा नवरा शिव्या द्यायचा. तिसऱ्याला आम्ही लाकूडतोडे पायताण बांधून बाहेर. हिवाळ्यात तर काय व्हायचं, थंडीने आवाजच गोठायचा वाटेत. देवदारांना लटकून राहायचा. मग ऊन चढलं की नऊ-दहाच्या सुमाराला झाडांवरून टपटप घंटा वाजायची.

मिझोबे : हे मी पेन्सिलीनेसुद्धा लिहीत नाही.

हेइगो : नका लिहू. पण गेल्या चेरीच्या बहरात गुरुजी गेले, त्यानंतर तोमेचं तोफू एकदाही वेळेवर झालेलं नाही. तिच्याकडे गजराची तीन घड्याळं आहेत. ती मला म्हणाली, घड्याळाने मी जागी होते रे, पण ते मला उठवत नाही. हे खरं आहे. हे लिहा.

मासुए : तोमेला ऐकू येत नाही पाच वर्षं झाली.

हेइगो : म्हणून तर. तिला ती जमिनीतून कळायची.

मिझोबे : बरं, मला एक सांगा. घंटेच्या मुठीवर, या पाच सुळ्यांखाली, हा निळा दोरा गुंडाळलाय, तो कुणाचा?

हेइगो : तेंगूचा.

मिझोबे : वाटलंच मला.

हेइगो : डोंगरातलं भूत ते. वरच्या कड्यावर राहतो. हे एवढं नाक. त्याला अक्रोड फार आवडतात आणि फोडायला काही नाही. मग यायचा पाच सुळ्यांचं वज्र मागायला. गुरुजी द्यायचे, म्हणायचे, शेजारी आहे. एकदा घंटाही घेऊन गेला, परत आणली तेव्हा हा दोरा. गुरुजींनी विचारलं तर म्हणाला, महाराज, धातू फार गार लागतो हो हाताला.

मिझोबे : दोरा गिरणीतला आहे, आजोबा. असा निळा रंग दहा-बारा वर्षांपूर्वी बाजारात आला. तेंगू दुकानात जातात?

हेइगो : नाक झाकून.

मिझोबे : मासुएसान, तुम्ही हसू नका, मला सांगा. तुम्हाला दोरा ओळखू येतो?

मासुए : शिवणाच्या डब्यातला असेल माझ्या. इथे माघात पाण्याचा तांब्या हाताला चिकटतो. कातडं सोलून निघतं.

मिझोबे : तेच मला कळत नाहीये. दोरा जरासा सरकवला तर खाली सोनं पूर्ण झिजलंय, अंगठ्याच्या आकाराचा खळगाच पडलाय. म्हणजे गुरुजींनी आणि त्यांच्या आधीच्यांनी ती कायम उघड्या हातानेच धरली. कितीतरी माघ गेले असतील. मग अचानक दोरा. आणि दोऱ्यावरची झीज त्या खळग्यावर नाही, बोटभर वर आहे. पकड वेगळी आहे. माणूसच वेगळा आहे.

मासुए : माणूस म्हातारा झाला की पकड बदलते.

मिझोबे : बदलते. म्हणूनच विचारतेय, कारण कागदात एक रकाना आहे. शेवटचा वापरणारा. तो हयात असेल तर वस्तू आम्ही हलवत नाही. तो आहे तोवर त्याच्याकडेच राहते, आम्ही वर्षातून एकदा येऊन बघून जातो. त्याच्यामागे म्युझियमकडे येते. तबक आणि वज्रं गुरुजींच्या हातची आहेत हे स्पष्ट दिसतं. घंटेचं दिसत नाही.

मासुए : माझ्या यजमानांचं नाव लिहा. चाळीस वर्षं वाजवली त्यांनी, गेले त्या दिवसापर्यंत. पहाट चुकू दिली नाही. मुख्य मठात त्यांच्या नावापुढे तेच लिहिलंय. तेच तुमच्या कागदातही लिहा आणि इथे शिक्का उठवते.

हेइगो : थांबा.

मासुए : हेइगोसान, अस्वल पुरे आता.

हेइगो : अस्वल नाही. बाई, तो रकाना परत वाचा. दीक्षा घेतलेला असला पाहिजे असं लिहिलंय त्यात?

मिझोबे : नाही. नुसतं 'वापरणारा' आहे.

हेइगो : मग माझं नाव घाला. हेइगो. राहणार ओकुदानी, धंदा लाकूडतोड्या, आता तोही नाही.

मिझोबे : तुमचं?

हेइगो : ही घंटा शेवटची अकरा वर्षं मी वाजवली. यावरही तुमचा विश्वास बसायचा नाही, मला माहिती आहे.

मासुए : काय बोलताय तुम्ही.

हेइगो : वहिनी, तुम्ही स्वयंपाकघरात होतात, तुम्हाला काय ठाऊक. बाई, ऐका. अकरा वर्षांपूर्वी गुरुजींचे हात कापायला लागले. आधी कपबशी. मग लेखणी. आम्ही म्हटलं, थंडीमुळे असेल. मग उन्हाळा आला तरी तेच. एक दिवस मी लाकडं रचत होतो तिकडे, त्या छपराखाली. गुरुजी येऊन ओंडक्यावर बसले. मग म्हणाले, हेइगो, घंटा हातात घेतली की थांबतच नाही. मी हसलो. मला वाटलं, माझ्याकडून शिकले थापा मारायला. मग त्यांचे हात पाहिले मी. मांडीवर ठेवले होते, एकावर एक, दाबून. तरीही बाही हलत होती.

मिझोबे : मग?

हेइगो : मग त्यांनी डॉक्टरला दाखवलं, डॉक्टरने गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप यायची. पहाटेची पूजा करणाऱ्याला झोपेची गोळी. फेकून दिल्या त्यांनी तळ्यात. मासे आठवडाभर पोटं वर करून तरंगत होते, पण घोरत होते, जिवंत होते सगळे.

मिझोबे : आजोबा.

हेइगो : बरं, मासे खोडा. पण बाकीचं ठेवा. पूजेला ते तुमच्याकडे पाठ करून बसतात. हात बाहीखाली. त्या मुद्रा कुणी बघायच्याच नसतात, मीसुद्धा चाळीस वर्षांत त्यांचे हात पूजेत पाहिले नाहीत, झाडलोट मीच करायचो तरी. मंत्र म्हणायचे ते आतल्या आत. बाहेर येते ती एकच गोष्ट, घंटा. मग वेदीच्या बाजूला तो जांभळा पडदा आहे ना, त्याच्यामागे माणूस बसवला तर कुणाला कळणार? ठरलं आमचं. त्यांनी खोकायचं, मी वाजवायची.

मिझोबे : खोकायचं.

हेइगो : एकदा बारीक. त्यावर तीन ठोके. फक्त दुसऱ्या वर्षी घोटाळा झाला. गुरुजींना खरंच सर्दी झाली.

मासुए : अगं बाई.

हेइगो : आठवतंय ना, वहिनी?

मासुए : आठवतंय. सगळं गाव बादल्या घेऊन धावत आलं होतं. त्यांना वाटलं, देवळाला आग लागली.

हेइगो : तोमेच्या नवऱ्याने तर वेदीवर पाणी ओतलंच. गुरुजी भिजलेले, शिंकतायत, खोकतायत, आणि पडद्यामागून घंटा थांबायला तयार नाही. अख्ख्या आयुष्यात मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं. वेदीवर डोकं टेकवून हसत होते. लोकांना वाटलं, रडतायत.

मिझोबे : तुम्ही पाहिलंत हे? पडद्यामागून?

हेइगो : फटीतून.

मिझोबे : आणि लाकडं? तुम्ही मघाशी म्हणालात, तिसऱ्या ठोक्याला लाकूडतोडे पायताण बांधून बाहेर पडायचे.

हेइगो : ते पूर्वी. अकरा वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो होतो. मोकळाच होतो पहाटेचा. आणि वहिनी कायम स्वयंपाकघरातच असायच्या, हे लिहून ठेवा. भात करपायचा रोज, अकरा वर्षं रोज, पण तो चुलीचा दोष. जुनी चूल आहे. माणूस समोर बसला तरी करपवते. त्यांचा काही संबंध नाही याच्याशी.

मिझोबे : मी मासुएसानबद्दल काही विचारलं नाही.

हेइगो : नाही ना? मग झालं.

मिझोबे : पण दीक्षेशिवाय ही भांडी हाताळत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. तुम्हाला भीती नाही वाटली?

हेइगो : माझी पापं इतकी आहेत बाई, त्यांच्यात हे एक जाऊन बसेल कोपऱ्यात, कुणी विचारणारसुद्धा नाही, तू नवा का म्हणून.

मासुए : हेइगोसान, तुमच्या पापांचं राहू द्या. हे कागदावर आलं तर मुख्य मठात जाईल. ते म्हणतील, कापऱ्या हाताच्या माणसाने अकरा वर्षं पडद्याआड कुणाला तरी बसवून पूजा केली. चाळीस वर्षांचं सगळं धुऊन जाईल. नऊ माणसं उरलीत गावात, तीसुद्धा म्हणतील, आम्ही ऐकत होतो ते काय होतं मग.

हेइगो : म्हणू देत.

मासुए : तुम्हाला सोपं आहे. तुमच्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांच्या शब्दावर ठेवायचे.

हेइगो : वहिनी, रागावू नका. मी एवढंच म्हणतो, त्या अकरा वर्षांत मी रोज तिकडे छपराखाली... पडद्यामागे होतो. घंटा एकदाही चुकीची वाजली नाही. बर्फात नाही, तापात नाही. कुणाच्या हाताने वाजली हे कुणी विचारलं नाही, कारण विचारावं असं काही त्या आवाजात नव्हतंच. उलट आधीपेक्षा मऊ वाजायची. मला वाटायचं, गुरुजी म्हातारपणी मऊ झाले. नंतर कळलं. म्हणजे, मलाच कळलं, माझा हात मऊ आहे. घंटा आता शहरात काचेमागे जाऊन बसणार. खाली पाटी, वरून दिवा. आणि वाजवणारं माणूस इथे बसथांब्याशी दुसऱ्याचा टीव्ही ऐकत बसणार. हे मला नाही चालत.

मिझोबे : तुमचं घर बसथांब्याशी आहे?

हेइगो : माझं? नाही, माझं वर आहे, गिरणीपाशी. पण छत गळतं. घंटा मी वहिनींकडेच ठेवीन म्हणतोय. फ्रीजवर का होईना. पहाटे येत जाईन.

मासुए : आणि शेजारी?

हेइगो : त्यांचा टीव्ही ऐकतो ना आपण? त्यांनी आपलं ऐकावं.

मिझोबे : मासुएसान, मी एक सांगू? ही पाहणी म्युझियमच्या कपाटात राहते. मुख्य मठाला फक्त काय नेलं आणि काय नेलं नाही, एवढी यादी जाते. रकान्यातलं नाव कुणी मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. आणि अजून कुणी मागितलेलं नाही, मी तिथे नऊ वर्षं आहे.

मासुए : मागितलं तर?

मिझोबे : तर दाखवावं लागेल. खोटं सांगणार नाही मी तुम्हाला.

मासुए : हं.

मिझोबे : आणि म्हणूनच खोटं लिहिताही यायचं नाही मला. आजोबा, नाव घालण्याआधी पकड टिपून घ्यायची असते. दोऱ्यावरच्या खुणेशी जुळली की झालं. एकदा वाजवून दाखवा, रोज वाजवायचात तशी.

हेइगो : पडद्याशिवाय?

मिझोबे : पडद्याशिवाय.

हेइगो : मला आवाज ऐकून घ्यायची सवय. म्हणजे खोकण्याचा. वहिनी, जरा खोका.

मासुए : मी नाही खोकत. वाजवा तुम्ही.

हेइगो : गुडघा बघा कसा आखडलाय. उद्या दाखवली तर?

मिझोबे : बसला पंचवीस मिनिटं आहेत, आजोबा.

*(हेइगो गुडघ्यांवर सरकत पुढे येतो, उजव्या हाताने घंटा उचलतो आणि तीनदा वाजवतो.)*

हेइगो : हं. अशी. आज जरा जड वाटली, सहा-सात महिने सराव नाही. लिहा बाई. हेइगो, ओकुदानी. वहिनी, तो शिक्का आत ठेवा.

मिझोबे : लिहू का, मासुएसान?

मासुए : नका लिहू. हेइगोसान, द्या ती इकडे. घंटा डाव्या हातात धरतात. उजव्यात वज्र असतं. पडद्यामागे तुम्ही एक दिवसही बसला नाहीत. तिथे मी बसत होते.